पाठमोरी

फुलंब्रीच्या आसपास जत्रा भरल्या की एक तंबू टॉकीज त्या गावांतून फिरायची. पुंडलिक तिच्यात कामाला होता. तंबू ठोकायचा, दिवसभर बैलगाडीत बसून भोंग्यावर ओरडत गावं पालथी घालायची आणि खेळ सुरू झाला की मशीनजवळ उभं राहून रिळं बदलायला हात लावायचा, हे त्याचं काम. तंबूत मधोमध कनात असायची, अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं मुक्ताला मशीनच्या पेटीशेजारी बसवून घेतलं आणि तिला तिच्या आयुष्यातला पहिला भुताचा सिनेमा दाखवला.

मुक्ता घाबरून डोळे मिटायची. पुंडलिक वाकून तिच्या कानाशी बोलायचा.

"उघड डोळे. दार वाजलं म्हंजे काय नाय. आता मांजर येतं बघ."

ती एक डोळा उघडायची, तर खरंच पडद्यावर मांजर उडी मारून गेलेलं असायचं.

"मग भूत कवा?"

"मांजर गेलं, की माणूस हसतो. हसून पाठ फिरवतो. तवा."

पुंडलिकनं असले सिनेमे इतक्यांदा पाहिले होते, की त्याला त्यांची सगळी रीत पाठ झाली होती. मोटार बंद पडते ती हवेलीच्या समोरच. म्हातारा नोकर आत जाऊ नका म्हणतो आणि कारण सांगत नाही. भुताखेतांची जो चेष्टा करतो तो सगळ्यांत आधी मरतो. पांढऱ्या साडीतली बाई आधी फक्त पाठमोरी दिसते, आणि तिचं तोंड दिसेपर्यंत अर्धा सिनेमा गेलेला असतो. हे कळल्यावर मुक्ताची भीती गेली नाही, पण त्या भीतीत तिला मजा यायला लागली. पुंडलिकचा श्वास कानाशी लागायचा, त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास यायचा. पुढं कित्येक वर्षं तिला संसार म्हटला की तेवढंच आठवायचं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जुलैअखेर मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधानसभेत झाला. चारसहा दिवसांत पुंडलिक आणि मुक्ता राहायचे त्या बौद्ध वस्तीवर माणसं चालून आली. भर दुपार होती. ऊन पडलं होतं. वारा सुटला नाही की कुठलं दार वाजलं नाही. आलेल्यांतले कितीतरी जण तंबूत पुढच्या रांगेत बसणारे होते, पुंडलिक त्यांना नावानिशी ओळखत होता. त्यांच्या हातात रॉकेलचे डबे आणि चिंध्या गुंडाळलेल्या काठ्या होत्या.

पुंडलिकनं मुक्ताला मागच्या भिंतीवर चढवलं आणि पलीकडं ढकललं. ती नाल्यातल्या दगडावर डाव्या टाचेवर पडली. उठता येईना. नाल्याच्या काठाला दगडाबाई धनगरणीचा मेंढ्यांचा वाडा होता. दगडाबाई विधवा, तोंडाची फटकळ, वस्तीत कधी पाऊल न टाकणारी. ती आली, मुक्ताच्या काखेत हात घालून तिला ओढत वाड्यात घेऊन गेली आणि मेंढ्यांच्या मधे निजवून वरून घोंगडं टाकलं.

"हुं का चूं करू नको," ती म्हणाली आणि वाड्याच्या तोंडाशी काठी घेऊन बसून राहिली.

दिवस मावळताना पुंडलिक शोधत आला, तोवर वस्तीची राख झाली होती.

पुढचे दोन महिने ते औरंगाबादला एका शाळेत राहिले. तिथं आजूबाजूच्या गावांतून उठून आलेली बरीच माणसं होती. मुक्ताची टाच जुळली, पण वाकडी जुळली. चालताना डावा पाय जमिनीवरून थोडा घासत यायचा. टॉकीजच्या मालकानं पुंडलिकला परत घेतलं नाही. जत्रेच्या गावांत बोलाचाली होतील, असं म्हणाला. पुंडलिकला पुढंमागं कुणी नव्हतं. सुरतेला कापडाच्या लूमवर माणसं लागतात एवढं ऐकून तो निघाला.

"खोलीचं जमलं की येतो न्यायला," तो बसस्टँडवर म्हणाला. "थंडी सरायच्या आत."

"मी गावातच थांबते. तुमी तिथंच याल ना?"

"तिथंच येईन."

म्हणून मुक्ता गावी परत गेली. जळलेल्या घराच्या जागी पत्रे टेकवून राहिली. हिवाळ्यात सुरतेहून आलेल्या एका माणसानं निरोप दिला, की पुंडलिक बरा आहे, काम शिकतोय. त्यानंतर काहीच नाही. थंडी सरली, शिमगा झाला. गावात तिला कुणी शेतात कामाला बोलवेना. उन्हाळ्यात शहरातून तिची मावशी गोजरबाई आली आणि म्हणाली, "इथं बसून मरायचं का? चल माझ्याकडं." निघायच्या दिवशी मुक्ता नाल्याकडं गेली आणि दगडाबाईला म्हणाली, "माय, हे आले तर सांगा, मुक्ता भावसिंगपुऱ्याला गोजरमावशीकडं गेली."

दगडाबाई म्हणाली, "सांगन."

भावसिंगपुऱ्यातून विद्यापीठ लांब नव्हतं. नामांतराचा मोर्चा निघाला की मुक्ता जायची. पायामुळं ती कायम शेवटी राहायची, आणि शेवटी राहिल्यामुळं पुढच्या सगळ्या पाठी तिला दिसायच्या. गर्दीत एखादी पाठ पुंडलिकसारखी वाटायची. ती पाय ओढत भराभर चालून पुढं जायची, वळून बघायची आणि परत मागं पडायची. मावशीच्या मुलानं एकदा सुरतेला जाऊन चौकशी केली, पण एवढ्या मोठ्या शहरात नुसत्या नावावर माणूस सापडला नाही. लोक म्हणाले, दुसरं लग्न कर. मावशीही म्हणाली. मुक्ता नुसती मान हलवायची, हो म्हणून की नाही म्हणून ते कुणाला कळायचं नाही.

वाळूजला माळरानावर कंपन्या उभ्या राहायला लागल्या तशी बायकांना मजुरीची कामं निघाली. त्यांच्याच गावच्या वस्तीतला सांडू आता मुकादम झाला होता. सकाळी तो बायकांचा टेम्पो भरायचा. मुक्ताला घमेलं घेऊन फळीवर चढता यायचं नाही, म्हणून त्यानं तिला नव्या काँक्रीटवर पाणी मारायचं काम दिलं. हातात पाइप धरून ती दिवसभर कोरड्या होणाऱ्या भिंती ओल्या करत राहायची.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये सांडूनं तिच्यासह आठदहा जणांना वाळूजऐवजी दौलताबादच्या पुढं नेलं. घाटाच्या अलीकडं एक ओसाड दगडी बंगला होता. मुंबईहून सिनेमावाले आले होते आणि त्यांना सामान उचलायला, आवार झाडायला माणसं हवी होती. भुताचा सिनेमा आहे हे मुक्ताला कुणी सांगावं लागलं नाही. दारात कोळ्याची जाळी चिकटवत बसलेला माणूस दिसला आणि तिनं ओळखलं.

तिथला कपडेपटवाला मोतीराम मूळचा जालन्याकडचा, म्हणून मजुरांशी तोच बोलायचा. दुसऱ्या दिवशी अडचण उभी राहिली. हिरॉईनला बंगल्याच्या फरशीवरून आणि मागच्या दगडी पायऱ्यांवरून अनवाणी चालायचं होतं, आणि दुपारी दगड इतके तापायचे की तिनं एकदा पाय टेकवला आणि गाडीत जाऊन बसली. डायरेक्टर टक्कल पडलेला, अंगानं बारका, सतत रुमालानं मान पुसणारा माणूस होता. तो वैतागून इकडंतिकडं बघत असताना मुक्ता केराची पाटी घेऊन पायऱ्यांवरून खाली गेली.

"ए मोतीराम," तो म्हणाला, "वो औरत को वापस बुला. फिरसे चला उसको."

मोतीरामनं मुक्ताला परत वर जाऊन खाली यायला सांगितलं. मुक्ताला वाटलं काही चुकलं. तिनं पाय न घासता चालायचा प्रयत्न केला.

"ऐसा नहीं. पहले जैसा. वो पैर घसीट के."

मुक्ता मेल्याहून मेल्यासारखी झाली. त्या चालीची तिला लाज होती. मावशीच्या घरी पाहुणे आले तर ती बसल्या जागची उठायची नाही. पण ती पुन्हा तशीच चालली, आणि तो माणूस रुमाल हातात तसाच धरून तिच्या पायांकडं बघत राहिला.

"यही चाहिए मेरेको," तो म्हणाला.

मोतीरामनं तिला पांढरी साडी नेसवायला एका बाईकडं दिलं. त्या बाईनं केस मोकळे सोडले, पायात पितळी पैंजण घातले. मुक्ता म्हणाली, "भाऊ, रात्रीचं थांबायला मला जमणार नाय. मावशी काळजी करती."

"रात्र कशाला? आत्ताच करायचं."

"आत्ता? ऊन पडलंय की."

"कॅमेऱ्याला निळी काच लावली की दुपारची रात्र होती. आभाळ तेवढं दिसू द्यायचं नाय. भुताचे सिनेमे सगळे उन्हातच काढत्यात, बाई."

पुंडलिकला हे माहीत नव्हतं, एवढंच तिच्या मनात आलं. त्याला सांगायला हवं.

चार दिवस ती भर उन्हात कंदील धरून चालली. कधी पायऱ्यांवरून खाली, कधी कमानीखालून, कधी सुकलेल्या कारंज्याभोवती. कायम पाठमोरी. एकदा नुसत्या पायांचं काम होतं. तिची वाकडी टाच फरशीवरून घासत जाते आणि कॅमेरा जमिनीलगत तिच्यामागून येतो. तळपाय भाजून निघाले. रोज काम संपल्यावर मोतीराम बादलीभर पाणी आणून द्यायचा, ती त्यात पाय सोडून बसायची.

"ही बाई फिरती कशापायी?" तिनं एकदा त्याला विचारलं.

"दुसरं काय असणार? नवरा परमुलखात गेलेला. वाट बघता बघता मेली. सगळ्या सिनेमांत हेच. नायतर मग खून."

मुक्ता पाण्यात पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "हा सिनेमा कुठं कुठं लागंल?"

"सगळीकडं. आपले सिनेमे मोठ्या थेटरात चालत नसत्यात, पण बारक्या गावात, मिलच्या भागात, कामगार वस्तीत लई चालत्यात."

"सुरतेला?"

"सुरतेला तर हमखास."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मोतीरामला धीर करून विचारलं, "भाऊ, एकदा, एकदाच, मला तोंड इकडं करून चालू देतील का?"

मोतीराम हसला नाही. तो डायरेक्टरकडं गेला, बोलला आणि परत आला. "नाय जमत, बाई. तोंड दिसतंय ते हिरॉईनचं. लोक तिचंच तोंड बघायला आल्याले असत्यात."

शेवटच्या दिवशी सिनेमाचा शेवट काढायचा होता. गावकरी मशाली घेऊन येतात आणि भुताची हवेली पेटवून देतात. त्यासाठी गावातली पन्नासेक माणसं आणली होती. मुक्तानं वरच्या खिडकीत पाठ करून उभं राहायचं होतं. ती साडी नेसून आवारात आली तेव्हा माणसं काठ्यांना चिंध्या गुंडाळत होती. कुणीतरी डब्यातून रॉकेल ओतलं. वास आला, आणि मुक्ताचे पाय जागच्या जागी राहिले. पांढऱ्या साडीसकट ती सामानाच्या गाडीमागं जाऊन मातीत बसली. 

मोतीराम शोधत आला. त्यानं तिच्याकडं बघितलं, मशालींकडं बघितलं.

"कुठलं गाव तुमचं?" त्यानं विचारलं.

तिनं नाव सांगितलं.  तोही त्याच समाजातला होता, आणि जालन्याकडचा होता. त्यानं जास्त विचारलं नाही. तिचं पातळ आणून दिलं, तिनं बदललेली साडी घेऊन गेला आणि डायरेक्टरला म्हणाला, की बाईला ऊन लागलंय. मग पेंढा भरून एक बाहुली केली, तिला ती साडी गुंडाळली आणि खिडकीत उभी केली. गाडीमागून मुक्ताला आरडाओरडा ऐकू आला, मग काच फुटल्याचा आवाज, मग टाळ्या.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. औरंगाबादेत लागला तेव्हा ती मावशीला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. पडद्यावर निळी रात्र होती. कंदील घेतलेली बाई पाय घासत पायऱ्या उतरली आणि थेटरातली पोरं किंचाळली.

"तू कुठं हायेस?" गोजरबाईनं विचारलं.

"ती काय."

"ती तर हिरॉईन हाय."

"तोंड तिचं हाय. पाठ माझी."

गोजरबाईनं नीट बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. "अगं व्हय. तुझीच चाल."

मुक्ताला स्वतःकडं बघण्यात रस नव्हता. या घटकेला आणखी कुठल्या गावात, कुठल्या अंधारात ती अशीच चालत असेल आणि तिथं खुर्चीवर कोण बसलं असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्याला चाल ओळखू येणार. मोडक्या टाचेनं शाळेच्या व्हरांड्यात तिला पहिल्यांदा उभं केलं ते त्यानंच, त्याच्याच खांद्याला धरून ती ही चाल शिकली होती. मशालींचा भाग आला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि दिवे लागेपर्यंत उघडले नाहीत.

वाळूजला गुजरातकडचे ट्रक यायचे. सिमेंटच्या गोण्या उतरत असताना ती ड्रायव्हरांना विचारायची, अमुक सिनेमा तिकडं लागलाय का? कुणी हसायचं, कुणी थट्टा करायचं. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मात्र सांगितलं, की सुरत स्टेशनजवळ पोस्टर बघितलंय. त्या आठवड्यात मुक्ता कामावर गेली नाही. अंगण सारवलं, धुतलेलं पातळ नेसली, उंबऱ्यात बसून राहिली.  पुढच्या सोमवारी मुक्ता टेम्पोत चढली.

कंपन्या उभ्या राहिल्या, सुरूही झाल्या. मुक्ताला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. सकाळी शिफ्टच्या बसनं जायचं, दुपारी यायचं. मावशी वारली. केस पिकायला लागले. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं आणि त्या आठवड्यात विद्यापीठाच्या कमानीकडं माणसांची रीघ लागली. गावोगावची माणसं आली, मुंबईची आली, सुरतेहून गाड्या भरभरून आली.

रविवारी दुपारी सांडू दारात आला. मागं एक माणूस होता.

"मुक्ता," सांडू म्हणाला, "कमानीपाशी भेटले. मी घेऊन आलो." एवढं बोलून तो निघून गेला.

पुंडलिक दारात उभा राहिला. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. मुक्तानं त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. तो पाणी प्यायला नाही, भांडं हातात धरून बसला.

"तुमी जेवला का?" तिनं विचारलं.

"काय?"

"जेवला का म्हणलं."

"मोठ्यानं बोल. लूमच्या खडखडाटानं कान गेलेत. पहिल्याच वर्षी कमी झाले, आता तर लईच." तो स्वतःही ओरडल्यासारखा बोलत होता. शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकू जात असणार. मुक्तानं दार लोटलं नाही.

मग त्यानं सांगितलं. निरोप धाडल्यावर त्याच हिवाळ्यात त्याला कावीळ झाली, महिनोन्‌महिने तो एका ओळखीच्याच्या दारात पडून होता. उठून उभा राहिला, पुन्हा काम धरलं आणि दुसऱ्या थंडीत तिला न्यायला गावी आला.

"गावी आलते?" मुक्ता म्हणाली. तिला नीट ऐकू आलं होतं, तरी तिनं पुन्हा विचारलं. "तुमी आलते?"

"आलतो की. आपल्या जागेवर काय नव्हतं. पत्रे पण नव्हते. नाल्याकाठी दगडाबाई भेटली. मी इचारलं, मुक्ता कुठं हाय. ती म्हणली, गेली."

मुक्ता बघत राहिली.

"गेली म्हणली. मी काय समजायचं? तुझा पाय तसा, खायला नाय, गाव तसं. मी पुढं इचारलंच नाय. माझ्यानं इचारवलं नाय. आलो तसा माघारी गेलो." त्यानं भांडं खाली ठेवलं. "सुरतेत आपल्या समाजाच्या लोकांनी दोन वर्षांनी लग्न लावून दिलं. कलावती नाव हाय. दोन पोरी हायेत."

बाहेर कुणीतरी निळा झेंडा लावलेली मोटारसायकल जोरात नेली. 

"मग सिनेमा लागला," पुंडलिक म्हणाला. "पोरींना घेऊन गेलतो. पडद्यावर तू आलीस. सगळं थेटर वरडायला लागलं, धाकटी माझ्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. आन् मी पण रडाया लागलो. कलावतीला वाटलं, एवढा मोठा बाप्या भुताला भितो."

"वळखलं?"

"पायरीवर पाय ठिवला तवाच."

"मी मेल्याली वाटले का तवा?"

"पयल्या दिवशी वाटलं, मरून खरंच आलीस. दुसऱ्या दिवशी एकटा गेलो. मग कळलं की जित्या बाईचा फोटो हाय, तू हायेस कुठंतरी. मग सिनेमा उतरेपर्यंत रोज कामावरून सुटलो की जायचो. मशाली आल्या की उठून बाहेर यायचो. तुला जाळत्यात ते मला बघवलं नाय."

"ती बाहुली होती," मुक्ता म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही म्हणून मोठ्यानं म्हणाली, "पेंढ्याची बाहुली होती. मी गाडीमागं बसले होते."

पुंडलिकनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मुक्ताला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. दोघांत हातभरच अंतर होतं. तिनं हात मांडीवर दाबून धरला.

"मग आला का नाय?" तिनं विचारलं.

"पोरी ल्हान होत्या. कलावतीला काय सांगू? येतो येतो म्हणत सात वर्षं गेली." मग तो म्हणाला, "आता तू म्हणशील तसं करतो. राहा म्हणलीस तर राहतो."

मुक्ता उठली. तिनं पीठ मळलं, चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, वांग्याची भाजी गरम केली. त्याला वाढलं आणि समोर बसून तो जेवताना बघितलं. तो पूर्वीसारखाच भाकरीचा काठ आधी खात होता. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "धाकटीचं नाव काय?"

"सुगंधा."

"मी रात्रीची गाडी धरा म्हणते. पोरी वाट बघत असतील."

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, ऐकू आलं की नाही अशा अंदाजानं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी मोठ्यानं. ती स्टँडवर पोचवायला गेली नाही. दारातून त्याला गल्लीच्या वळणापर्यंत जाताना बघितलं आणि आत येऊन त्याच्या ताटाला हात न लावता तशीच बसून राहिली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिनं फुलंब्रीची बस धरली. पंधरा वर्षांत ती गावाकडं फिरकली नव्हती. वस्तीत आता सिमेंटची घरं होती, ती कुणाकडं थांबली नाही. नाल्याकाठी मेंढ्यांचा वाडा होता तिथंच होता. दगडाबाई बाजेवर बसली होती. फार म्हातारी झाली होती, पण मुक्ता बोलायच्या आधीच तिनं ओळखलं.

"माय, मी गेल्यावर हे आलते?"

"आलता ना. तुला सांगाया कोण व्हतं इथं?" दगडाबाई म्हणाली. "थंडीचं दिस. मी मेंढरं काढत व्हते. इचारलं त्यानं, मुक्ता कुठंय. मी म्हणलं, गेली. भावसिंगपुऱ्याला मावशीकडं, आसं म्हणायला तोंड उघडलं, तवर एक कोकरू नाल्यात पडलं. मी त्याला काढाया वाकले. वर बघते तर ह्यो चालायला लागल्याला."

"मग?"

"मग काय. हाका मारल्या. आरं थांब, आरं ऐक, मावशीकडं गेली. लई हाका मारल्या. त्या बांधावरच्या माणसाला ऐकू गेलं, ह्यानं वळून बघितलं नाय. मला वाटलं राग आला आसंल. मी मेंढरं सोडून कशी पळू?"

मुक्ता खाली मातीत बसली. तोवर त्याचे कान कमी झाले होते हे दगडाबाईला माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि तिला ते सांगावं असंही मुक्ताला वाटलं नाही. पुंडलिकलाही आता कळवायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. सुरतेत दोन पोरी होत्या, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या माणसाला एवढं सहन झालं नसतं.

"कुठं उभे होते?" तिनं विचारलं.

दगडाबाईनं काठीनं वाड्याच्या तोंडाशी जागा दाखवली. तिथं नुसती लेंड्यांनी काळी झालेली जमीन होती.

"काय घातलं होतं अंगात?"

"नवा सदरा व्हता. पांढरा. घडी मोडल्याली दिसत व्हती. आन् हातात एक पिशवी व्हती, तिच्यातनं हिरव्या लुगड्याचा काठ बाहीर आल्याला. तुलाच आणलं आसंल."

मेंढ्या एकमेकींत घुसत होत्या. नाल्याला पाणी नव्हतं. मुक्तानं पदर नीट घेतला आणि बाजेच्या जवळ सरकली.

"माय," ती म्हणाली, "घाई नाय मला. गाडी संध्याकाळी हाय. ते कसे आले ते पुन्हा सांगा. पयल्यापासून."

दगडाबाईनं काठी बाजूला ठेवली आणि सांगायला लागली.